दारातली चप्पल

दुष्काळाचं वर्ष होतं. उस्मानपुऱ्याकडच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मी लहान मुलांचं संडे स्कूल घ्यायचो. कुलरमध्ये टाकायलाही पाणी नव्हतं, म्हणून उन्हाच्या झळा आत येऊ नयेत यासाठी मी वर्गाचं दार लोटून घ्यायचो.

एका बाईंना ते खपायचं नाही. गावातलं पाणी आटल्यावर त्या शहरात, गारखेड्याला लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि नातीला वर्गाला आणायच्या. मी दार लोटलं की पायातली चप्पल काढून त्या फटीत सरकवायच्या आणि तापलेल्या पायरीवर बसायच्या, अनवाणी पाय लुगड्यात ओढून. नजर माझ्यावर. एखाद्या पोराच्या पाठीवर मी शाबासकीची थाप दिली तरी त्यांची मान उंच व्हायची.

एकदा माझं डोकंच फिरलं. "मावशी, माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

"तसं नाय, सर," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला का वाईट, ते मला वळखता येत नाय. दार उघडं हाय का बंद, तेवढं दिसतंय."

मी तणतणत आत गेलो.

पाऊस झाला आणि त्या गावी परतल्या. नात मात्र येत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मदतीला एक नवा तरुण आला. गिटार वाजवायचा, गोड बोलायचा. मुलं त्याला सोडत नसत. एका रविवारी मी बाहेर असताना, झळा येतात म्हणून त्यानं दार लोटलं.

झळा खरंच येत होत्या. मी पायातली चप्पल काढली.