मथुरा आत्या आणि संपलेला अधिक

माझी आत्या, मथुराबाई, आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. गाव ढोकीच्या अलीकडं, फाट्यापासून चालत दहा मिनिटं. मदतनीस म्हणजे पोरं घरून गोळा करायची, खिचडी शिजवायची, वाढायची, नाकं पुसायची. शिकवायचं काम बाईंचं. पण एकवीस वर्षं नाकं पुसता पुसता आत्याला पोरांच्या डोक्यात आत काय चाललंय ते कळायला लागलंय.

तीन वर्षांचं पोरगं डोळे झाकून भिंतीला टेकलं की त्याला वाटतं, आपण आता कुणालाच दिसत नाही. आत्या त्याच्या शेजारीच बसून विचारते, "कोंडीराम कुठं गेला गं? सकाळी तर व्हता." मग कोंडीराम डोळे न उघडताच सांगतो, "हितं न्हाय म्या." चार वर्षांच्या पोरीला एक बिस्कीट मोडून दिलं की तिला दोन मिळाल्याचा आनंद होतो. पाच वर्षांची पोरं खिचडीवरून भांडतात. ताटलीत पसरली की कमी, वाटीत शिगोशीग भरली की लई. म्हणून रडणाऱ्यांसाठी आत्यानं बारक्या वाट्या ठेवल्यात.

"फसवतीस की गं लेकरांना," मी एकदा म्हणाले.

"फसवत न्हाय. त्येंला आत्ता डोळ्याला दिसतंय तेवढंच खरं. मनातल्या मनात उलटं वतून बघायला अजून येत न्हाय. येतंय की हळूहळू. एक दिवस त्येच लेकरू म्हणतंय, 'तेवढीच हाय, वाटी बारकी हाय नुसती.' त्या दिवशी समजायचं, ह्ये पहिलीला निघालं."

रणधीरदादाच्या पोरीनं, शिवांजलीनं, हे मार्चमध्येच म्हणून टाकलं होतं. तिचा आवाज म्हणजे सायकलची घंटी. वाटी हातात धरून ती आत्याला म्हणाली, "म्या बघितलंय वाढताना. एकच पळी टाकली तुमी." आत्या इतकी खूश झाली की तिला अजून एक पळी वाढली.

त्यामुळं जूनमध्ये जे झालं ते आत्याला पटेना.

शाळा उघडायच्या आठवड्यात तालुक्याहून योगीराज सर आले. पहिलीत जाणाऱ्या पोरांची तपासणी करून त्यांना यादी करायची होती. बाई त्यांच्याशेजारी, मी नावं पुकारायला, आत्या मागं चुलीपाशी. सरांचं मराठी इस्त्री केलेलं, प्रत्येक शब्दाला घडी. शिवांजलीपुढं त्यांनी दोन सारखे पेले पाण्यानं भरले, मग एक पेला परातीत ओतला आणि काही विचारलं. पोरगी काहीतरी बोलली. सरांनी पुन्हा विचारलं. पोरगी पुन्हा तेच बोलली. सरांनी कागदावर लिहिलं आणि बाईंना वाचून दाखवलं, 'समज कमी. एक वर्ष थांबवावे.'

ते ऐकून दारात बसलेली तिची आजी कडूबाई मटकन खाली बसल्यासारखी झाली, बसलेलीच होती तरी. "आता गावभर व्हनार, पोरगी येडी हाय म्हणून. रणधीर म्हणलाय, सरांनी न्हाय म्हणलं तर घरीच ठेवतो. उद्या सोयरीक जमवायला गेलं तरी लोक हेच काढतील."

"सहा वर्षांची हाय ती, आजी," आत्या म्हणाली. "सोयरिकीचं मागनं बघू." मग माझ्याकडं वळली. सर तोवर फाट्याकडं निघाले होते. "तू व्हतीस ना तिथं? म्हण बघू, सर काय म्हणले आन् ती काय म्हणली. जसंच्या तसं. तुजं मधलं काय घालू नको."

मी पाठ ताठ केली, चष्मा नाकावर सरकवल्यासारखं केलं. "बाळा, मला सांग, कशामध्ये पाणी अधिक आहे?" मग घंटीचा आवाज काढला. "अधिक संपला, सर." पुन्हा सर. "नीट पहा. अधिक कुठे आहे?" पुन्हा घंटी. "गेला की. आता तीन वर्षांनी."

आत्यानं पळी खाली ठेवली. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. कडूबाईला कळेना हसतेय का रडतेय.

"अगं, धोंड्याचा म्हयना गं," आत्या म्हणाली. "आत्ताच संपलाय. आमच्याकडं पाळत न्हाईत, पण तुमच्या घरात महिनाभर अधिक, अधिक चाललं व्हतं. तिला अधिक म्हणजे तेवढंच ठाव."

खिचडी माझ्यावर सोडायची सोडून तिनं मलाही ओढलं. शिवांजलीचा हात धरून आम्ही फाट्याला पोचलो. सर वीरप्पाच्या टपरीवर चहा घेत धाराशिवच्या गाडीची वाट बघत होते. मदतनीस सरांना चूक दाखवायला गेली, हे गावात पहिल्यांदाच घडत होतं. आत्याचा आवाज जरासा बारीक झाला, पण ती थांबली नाही.

"सर, एक डाव परत इचारा हिला. फक्त अधिक म्हणू नका, जास्त म्हणा."

"म्हणजे?"

"तुमी इचारा तर."

सरांनी वीरप्पाकडून सारखे भरलेले दोन कप घेतले, एक बशीत ओतला. दुरून एसटी येताना दिसत होती. "जास्त कशात आहे?"

शिवांजली बशीकडं बघत राहिली. बशी ऐसपैस पसरलेली. माझा जीव टांगणीला. आत्या तर तिच्याकडं बघतही नव्हती, रस्त्याकडं बघत होती.

"तेवढाच हाय की," शिवांजली म्हणाली. "आत्ता तुमीच वतला. परत कपात वता, परत तेवढाच भरंल."

सर तिच्याकडं वाकले. "मग मघाशी संपला का म्हणालीस?"

"अधिक संपला न्हवं? मामानं पप्पाला अंगठी दिली. मामीनं अनारसे दिले. पप्पानं लई खाल्ले, मग पप्पाचं पोट दुखलं. आता तीन वर्षं न्हाय."

वीरप्पा चहा गाळायचा थांबला. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्या इस्त्रीच्या मराठीला पहिल्यांदा चुरगळ पडली. "आयला, बरोबर आहे की हिचं," ते म्हणाले. त्यांनी यादी काढली, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'पहिलीस पात्र.' खाली सही केली. मग प्रश्नांचा कागद काढून त्यातला 'अधिक' खोडून वर 'जास्त' लिहिलं.

"दुपारी अजून दोन गावं आहेत," ते आत्याला म्हणाले. "तुम्ही आला नसता तर तिथंही असंच झालं असतं, मथुराबाई."

"अजून काय अडलं तर इचारा," आत्या म्हणाली. एवढं धीट बोलून गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

एसटी सरांना घेऊन गेली. आत्या टपरीच्या फळीवर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाय पसरले. वीरप्पानं न सांगता चहा पुढं केला. शिवांजली बशीतला चहा प्यायला बसली. गावाकडून कडूबाई धापा टाकत येताना दिसली. ती जवळ यायच्या आतच आत्यानं हात वर करून हाक दिली, "घातलं नाव, आजी. पाटी घ्या."