वाघावरून उतरवलेली पोर

गुणाबाईच्या जिभेला अख्खं गाव भ्यायचं. मूल या तालुक्याच्या गावापलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव ते. आषाढ लागला की बायांची टोळी घेऊन धानाच्या रोवण्याला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरायची ती गुणाबाईच. कुणाचा हात रेंगाळला की खाचराच्या पार दुसऱ्या बाजूच्या धुऱ्यावरून, बांधावरून, तिचा आवाज यायचा, "काऊन वो, पऱ्हे लावून राह्यली का देवाले फुलं वाहून राह्यली?" बाई कितीही थकलेली असो, तिचा हात पुढं सरकायचा.

लग्नाच्या पाचव्या वर्षी नवरा पटकीत गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी चार दिवस गोड बोलून पाचव्या दिवशी तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. ती माहेरी आली आणि धाकट्या भावाच्या, लटारूच्या, घराला लागून खोपट घालून राहिली. घरात नाही, घराला लागून. दुसऱ्याच्या चुलीपाशी बसलं की दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या मते जगातली अर्धी माणसं मूर्ख होती आणि उरलेली लबाड. लटारूला ती दोन्हींत धरायची.

चोपन्न सालचा उन्हाळा. गावच्या जमीनदाराची मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण मालगुजाराच्या पागोट्याचा पीळ काही सुटला नव्हता. त्याच्याकडे नागपूरचा कुणी साहेब पाहुणा शिकारीला आला. चाळीस माणसं उन्हातान्हात डबे बडवत रान हाकीत आली. मचाणावर सावलीत बसलेल्या पाहुण्यानं दोन गोळ्या झाडल्या, आणि संध्याकाळी जो तो म्हणायला लागला की साहेब भलताच शूर आहे.

वाघ बैलगाडीवरून मालगुजाराच्या अंगणात आला. डफडी वाजली. पाहुण्यानं फोटोची पेटी तिकाटण्यावर उभी केली आणि त्याला हुक्की आली, की वाघावर एखादं लहान लेकरू बसलं तर फोटो झकास येईल. लटारूनं सगळ्यांच्या आधी आपली सात वर्षांची शकू पुढं ढकलली. पोरगी आईच्या लुगड्याला चिकटली. तिची आई भागीरथा बिचारी, मालगुजारासमोर तोंडातून शब्द काढणाऱ्यांतली नव्हती. मग गुणाबाईच पुढं झाली. तिनं शकूच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि वाघाच्या पोटावर बसवलं.

"बस वो. मेलेला वाघ का तुले खाते?"

लोक हसले. गुणाबाईही हसली. फोटो निघाला.

महिन्याभरात तो काचेच्या चौकटीत बसून टपालानं आला. लटारूनं तो पुढच्या खोलीत देवाच्या फळीच्या वर टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागला. त्याच भिंतीखाली शकूचं अंथरूण असायचं.

आणि शकू झोपेत किंचाळायला लागली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दोन दिवसाआड, कधी रोज. घामानं भिजून उठायची, डोळे उघडे, पण आईला ओळखायची नाही. सकाळी विचारलं तर मान खाली. झोपायची वेळ आली की पोटात दुखतं म्हणायची, तहान लागली म्हणायची, आईचा पदर मुठीत धरून बसायची.

खोपटातून गुणाबाईला सारं ऐकू यायचं. तिचं निदान तयारच होतं. "नाटकं करून राह्यली पोरगी. भागीरथा, तूच लाडावून ठेवलं तिले."

गावातले शहाणे एकेक करून पुढं आले. शाळेच्या गुरुजींनी पोरीला न बघताच सांगितलं की पोटात जंत आहेत, आणि कडूजार काढा दिला. पोरीला आठवडाभर जुलाब झाले. स्वप्न जिथल्या तिथं. लटारूनं दंडाला ताईत बांधला, उशाखाली विळा ठेवला. विळ्यावर डोकं ठेवून कुणाला गोड झोप लागते, हे त्याला कुणी विचारलं नाही. शेवटी झाडू मांत्रिकाला बोलावणं गेलं. नाव झाडू आणि धंदाही झाडायचा. त्यानं पोरीचा हात धरला, नाकानं वास घेतल्यासारखं केलं आणि सांगितलं, "मेलेल्या वाघाचं वारं लागलं पोरीले. येत्या अमावस्येले लाल कोंबडा लागन, अन् तिले मिरच्याच्या धुरात बसवा लागन."

ज्या फोटोखाली बसून तो हे सांगत होता, तोच फोटो जाता जाता त्यानंही कौतुकानं पाहिला.

अमावस्येला आठ दिवस होते. रोवणे ऐन भरात आले होते. भागीरथा टोळीत असल्यानं शकूही बांधीवर यायची. पोरगी अर्धी झाली होती. धुऱ्यावर बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि दचकून जागी व्हायची. एके दुपारी गुणाबाईनं ते पाहिलं. डुलकी लागू नये म्हणून शकू स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होती. मांडी निळी पडली होती.

नाटक करणारं पोर रडतं, रुसतं, लोळतं. कुणी बघत नसताना स्वतःला चिमटे काढत नाही. गुणाबाईच्या मनात पहिल्यांदाच आलं, की अर्ध्या मूर्खांत आपलीही गणती करावी की काय.

"शकू, इकडं ये. पऱ्ह्याच्या पेंड्या देत चल मले."

शकू चिखलात उतरली. आत्या वाकून रोवत होती, पोर मागून रोपांच्या पेंड्या देत होती. दोघींची तोंडं दोन दिशांना. बऱ्याच वेळानं, मान वर न करता गुणाबाईनं विचारलं, "झोपीत काय दिसते तुले?"

शकूनं नुसती पेंडी पुढं केली. गुणाबाईनं पुन्हा विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती गप्प राहून वाट बघत होती. चार पेंड्या झाल्या, पाच झाल्या.

"तो मेला नोहोता, आत्या."

"कोन?"

"वाघ. मी बसली तं त्यानं 'हं' केलं. मोठ्ठ्यानं. माह्या खालून. कोनालेच आयकू नाई आलं." पोरीचा आवाज चिखलासारखा मऊ झाला. "मंग तो झोपीत येते. मी त्याच्यावर बसून राह्यते अन् तो उठाले लागते. मले उतरता येत नाई. सारे हासते. बाबा हासते." जरा थांबून ती म्हणाली, "तू बी हासते."

गुणाबाईच्या हातातली पेंडी पाण्यात पडली. ती तिनं उचलली, रोपं नीट सुटी केली आणि एकेक करून रोवली. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण टोमण्याशिवाय दुसरं बोलायची सवयच जिभेला नव्हती.

दुसऱ्या दिवशी टोळीला कामावर लावून ती शकूला घेऊन कोसभर आतल्या जंगलातल्या टोल्यावर, चार खोपटांच्या वस्तीवर, गेली. तिथं म्हातारा पोचू राहायचा. त्या वाघाचं कातडं त्यानंच काढलं होतं. पोचू बांबूच्या कामट्या तासत बसला होता. गुणाबाईनं सगळं सांगितलं. त्यानं चाकू खाली ठेवला आणि तिच्याकडे नाही, शकूकडे पाहिलं.

"आवाज आला म्हन्ते? बराबर आयकलं तू. मेलेल्या जनावराच्या पोटात वारा राह्यते. वजन पडलं का तोंडातून निघते. हरीन असो, डुक्कर असो, साऱ्याइचा निघते. मी कातडं काढलं तवा त्याचं काळीज थंडं होतं, दगडावानी. माह्या या हातात होतं."

शकूनं त्याच्या हाताकडे पाहिलं. "मंग तो खरंच मेला होता?"

"तू बसाच्या कितीतरी आंधी." मग म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "पन बाई, मेलेल्या वाघावर लेकराले बसवलं कोनत्या शायन्यानं?"

गुणाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "म्याच," ती म्हणाली.

पोचू काही बोलला नाही. त्यानं पुन्हा चाकू उचलला. गावात आजवर कुणी गुणाबाईला इतकं बोललं नव्हतं.

परतताना तिला वाटलं, झालं काम. पण स्वप्न पुन्हा आलं, जसंच्या तसं. तेव्हा ती स्वतःवरच भडकली. एकदा तोंडानं सांगितलं की भय पळालं, असं समजणारी आपण आणि अंगाऱ्यानं भय पळवणारा झाडू, दोघांत फरक तो काय? पोरीच्या डोक्याला कळलं होतं की वाघ मेलाय. झोपेला कळायचं बाकी होतं.

सकाळी ती थेट लटारूच्या पुढच्या खोलीत शिरली आणि फोटो भिंतीवरून काढला.

"बाई, काय करून राह्यली?" लटारू धावत आला. "साहेबानं पाठवला तो!"

"साहेबाच्या घरी टांग मंग. पोरगी ज्याले भेते त्याच्याच खाली झोपवतं तिले रोज. वरून ताईत बांधतं. घरात एखांदं शायनं माणूस हाये का नाई?"

"गावात कोनाच्या घरी हाये असा फोटो? शोभा हाये ते घराची."

"शोभा पायजे तं तूच बस वाघावर जाऊन. जित्या वाघावर बस, शोभा आणखीन वाढन."

"अन् झाडूभाऊले काय सांगू? कोंबडा पाह्यून ठेवला मी."

"कोंबड्याचा रस्सा कर अन् पोरीले खाऊ घाल. काढ्यानं वाळून गेली ते."

लटारू आणखी काही बोलणार होता. पण तेवढ्यात भागीरथा आतून आली आणि नवऱ्याकडे न बघता तिनं उशाखालचा विळा काढून कुडाला खोचला. आठ-नऊ वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला न विचारता केलेलं हे पहिलं काम असावं. तिला पाहून लटारूचं तोंड मिटलं. फोटो फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला.

त्या दिवसापासून बांधीवर एक विचित्र खेळ सुरू झाला. दुपारची शिदोरी सोडायच्या आधी शकू धुऱ्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसायची आणि आपलं स्वप्न सांगायची: मी बसली, तो हलला, सारे हसले. मग गुणाबाई विचारायची, "मंग तू काय करतं?"

पहिल्या दिवशी शकू म्हणाली, "काईच नाई."

"काईच नाई कसं? तोंड नाई का तुले? मले हाक मार."

"तू तं हासते."

"आता नाई हासत. मार हाक."

शकूनं हाक मारली, उंदराएवढ्या आवाजात. गुणाबाई चिखल तुडवत आली, काखेत हात घालून तिला उचललं आणि धुऱ्याच्या खाली उभं केलं. टोळीतल्या बायांना आयतीच करमणूक मिळाली. त्यांतली एक खोचक बाई म्हणाली, "गुणाबाई, म्हातारपणी पोरखेळ आठवला वाटते!" एरवी गुणाबाईनं तिला उभी सोलली असती. आता ती नुसती म्हणाली, "व्हय, लहानपणी खेळाले भेटला नाई," आणि शिदोरीचं फडकं सोडायला बसली.

रोज हाक मोठी होत गेली. आठव्या-नवव्या दिवशी तर अशी आली की दोन बांध्या पलीकडचा नांगऱ्या थांबून बघायला लागला. आणि एकदा गुणाबाई लांब होती, तिला यायला उशीर झाला, तर शकू स्वतःच पाय टाकून उतरली. धुऱ्याला म्हणाली, "मी उतरली. तू बी जाय आता." हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

स्वप्नं त्या दिवशी थांबली, असं काही झालं नाही. आधी दोन दिवसाआड यायची, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला. किंचाळी जाऊन नुसती हाक राहिली. खोपट लागूनच होतं; गुणाबाई "हाव, आली" म्हणायची आणि पोर पुन्हा झोपायची. धान कापणीला आलं तोवर शकूच्या गालावर मांस चढलं होतं. पुढं हिवाळ्यात ताप आला तेव्हा वाघ पुन्हा एकदा येऊन गेला. सकाळी शकूनंच सांगितलं, "आला होता. म्या उतरून घेतलं." आणि पेज मागितली.

लटारूनं मात्र गावभर सांगितलं की ताईत उशिरा का होईना लागू पडला. झाडू म्हणाला, आपण घरात पाऊल टाकलं तेव्हाच वारं हललं होतं. गुणाबाईनं दोघांनाही खोडून काढलं नाही. खोडायला समोरच्याला थोडी तरी अक्कल लागते, असं तिचं म्हणणं.

पण बायांचे कान तिखट असतात. फाल्गुनात शेजारच्या गावची नीलाबाई आपल्या पाच वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून आली. पोरीला झोपेत विहीर दिसायची.

"तुमच्यापाशी मंत्र हाये म्हन्ते, बाई."

"मंत्र नाई, गिंत्र नाई. पोरीले विचार काय दिसते ते. दिवसा विचार, अन् सांगन तं हासू नोको."

"बस? बांधाले काई नाई का देत?"

"बांधाले पायजे असन तं झाडूचं घर त्या चिंचेपाशी हाये. तो तुले बी बांधन."

नीलाबाईचं तोंड पडलं. ती वळली, पोरीला सावरत चिंचेच्या दिशेनं निघाली. गुणाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली आणि जगातल्या मूर्खांचा आकडा तिनं मनातल्या मनात एकानं वाढवला. पण चिंचेच्या अलीकडेच नीलाबाई थबकली. माघारी आली.

"विचारलं अन् नाईच बोलली तं?"

"तं गप राह्य. तांदूळ निवडाले घे, तिले जवळ बसव, हातात सूप दे. तोंडाकडं पाहू नोको. बोलन."

"अन् मंग?"

गुणाबाईनं कपाळावर हात मारला. "मंग मले येऊन सांग. बस आता उंबऱ्यावर, पानी पे. एवढ्या उन्हात लेकराले उचलून आली, काई अक्कल?"

नीलाबाई उंबऱ्यावर बसली.