नवरीचं उटणं

आंबेहळद दळायला घेतली की तिचा कैरीसारखा वास घरभर पसरतो आणि मला ती नवरी आठवते. उटणं विकायला मी नुकती कुठे सुरुवात केली होती. नवरीची पुडी सकाळी पाठवून दिली आणि पुढची भरताना आंबेहळदीच्या डब्यातून स्वयंपाकाच्या हळदीचा वास आला. डबा रिकामा दिसला म्हणून सासूबाईंनी मायेनं भरून ठेवला होता. आंबेहळदीचा डाग पडत नाही, ही मात्र चेहऱ्यावर बसली की दोन दिवस निघत नाही, आणि लग्न दुसऱ्या दिवशी. फोन कोणी उचलेना. सावेडीतल्या घरून स्कूटर काढली ती थेट तिच्या गावातल्या मांडवासमोर थांबवली. नवरी पाटावर बसलेली, कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक. मी चाचरत काय झालं ते सांगितलं, तर तिची आई हसायलाच लागली. "अवो ताई, आज हळदच हाय तिची. आमी समदेच पिवळे झालोय, बघा की." खरंच, करवलीचे गाल, दारातल्या आजोबांचं कपाळसुद्धा पिवळं होतं. मांडवाच्या खांबाला टेकून मी कितीतरी वेळानं नीट श्वास घेतला. निघताना त्यांनी माझ्याही गालांना हळद लावली, ती दोन दिवस निघाली नाही. डबा अजूनही सासूबाईच भरतात, पण हळद आधी माझ्या नाकाशी धरून.