शब्द टाकणारे भाऊ

चाकणच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे भाऊ, कुठल्याही साहेबाचं नाव निघालं की मांडीवर थाप मारून म्हणतात, "आपलाच माणूस हाय, राव!" मी मनात हसायचो, माझी सगळी भिस्त माझ्या कामावर. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा मात्र मीच त्यांच्या कानाशी लागलो, "भाऊ, माझ्यासाठी एक शब्द टाका की."

"टाकतो की!"

जागा मला मिळाली. पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "मला कशाला? साहेबांनी माझा फोन उचललाच न्हाई. तुझ्या कामावर झालं, भावा."

एवढ्या ओळखी मिरवणारा माणूस पहिल्यांदाच ओळख नाकारत होता. खरं बोलले, की माझी लाज राखली? आता लाईनवर मी सगळ्यांवर ओरडतो, पण भाऊंना खरं काय ते विचारायची हिंमत होत नाही.