आतल्या टाक्यांची सुबक रेघ

दौंडला ज्या सर्जनच्या हाताखाली मी शिकलो, ते पोटाच्या ऑपरेशननंतर कातडी सुट्या टाक्यांनीच शिवायचे. एक टाका, एक गाठ, बोटभर अंतर, पुन्हा टाका. दोरा काळा नायलॉनचा. जखम भरल्यावर पेशंटच्या पोटावर शिडी उमटायची आणि मी मिशीत हसायचो. पू झालाच तर तेवढा एक टाका कापून त्याला वाट देता येते, असं ते सांगायचे. मला वाटायचं, नीट ऑपरेशन केल्यावर पू होतोच कशाला?

पुढे शिरूरला स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा मी कातडीच्या आतून शिवायला लागलो. विरघळणारा दोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, बाहेर एकही गाठ नाही. जखमेची नुसती बारीक रेघ राहायची. नातेवाईक कौतुक करायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

यवतजवळच्या एका वाडीतली बाई आतड्याला छिद्र पडून आली. चाळिशीची, त्यात डायबेटिस. पोटात सगळी घाण पसरलेली. अशा वेळी सुटेच टाके घालावेत, हे मला पाठ होतं. पण तिचा नवरा कोरेगाव भीमाला कंपनीत कंत्राटावर होता, आणि पुन्हा किती खेपा माराव्या लागतील, हे त्यानं आधीच विचारलं होतं. त्याचा एक खाडा वाचवावा म्हणून मी आतून शिवलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला माझी रेघ हवी होती.

घरी सोडताना मी ऐटीत सांगितलं की टाके काढायला यायचं काम नाही, ते आपोआप विरघळतात. आठ दिवसांनी दाखवायला यावं, हे मी कार्डावर इंग्रजीत लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो.

घरी सोडल्यापासून अठराव्या दिवशी त्यानं तिला भाड्याच्या जीपमधून आणलं. ती तापात बरळत होती. रेघ तशीच सुबक होती आणि तिच्याखाली पोटाची भिंत सडत गेली होती. आठवडाभर तिनं मेडिकलमधल्या तापाच्या गोळ्यांवर काढला होता. मी रेघ उघडली, सडलेलं कापलं, पुण्याला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली. ती यायच्या आत बाई गेली.

आपल्याकडे माणूस जखम दाखवायला येत नाही, टाके काढायला येतो. अंगात दोरा ठेवून कुणी घरी बसत नाही. टाके काढायला आलेल्यांच्या जखमा मी वर्षानुवर्षं बघितल्या आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. आता सगळ्यांना सुटे टाके घालतो. त्याचा तिला काय उपयोग? सुई हातात घेतली की मला माझीच किळस येते.

त्या दिवशी मी उलट तिच्या नवऱ्यावरच आवाज चढवला. वेळेवर का आणलं नाही म्हणून विचारलं. तो चिडला नाही. तिची बाजू मांडावी तसा हळू बोलला.

"ती लई शिस्तीची व्हती, सायेब. एका गोळीची येळ चुकवली न्हाई तिनं. तुम्ही नुसतं या म्हणला आसता, तर चालत आली आसती."