पाच घरांची एक खाट

त्या गल्लीत तिला सगळे मावशीच म्हणत. दूधवाला, पोस्टमन, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली शेजारीणसुद्धा. हे नाव तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. सतरा वर्षांपूर्वी पहिलं पोर तिच्या दारात उतरलं, संध्याकाळी, सरकारी गाडीतून, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट घालून. तेव्हा तिनं त्याच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं, मला आई म्हणायचं नाही. आई मागं राहिली असेल नाहीतर पुढं भेटेल. मी मधली आहे, मला मावशी म्हण. तेव्हापासून तेवीस पोरं आली आणि बावीस गेली. काही आपल्या घरी परतली, काही दत्तक गेली. पोर निघालं की मावशी दारापर्यंत जायची, फाटकापर्यंत नाही. फाटकापर्यंत गेलं की पाय पुढं चालायला लागतात, असं ती म्हणे.

त्याआधी तिनं वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या होत्या. नवरा लवकर गेला, पोटी मूल नव्हतं, आणि भावकीतल्या बायका हळहळायला घरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या हळहळण्यालाच कंटाळून तिनं पोरं तात्पुरती सांभाळायचा हा परवाना काढला. सरकारी कागदात तिच्यासारखीला प्रतिपालक म्हणतात. आता साठी उलटली होती. हातांची कातडी मात्र अजून तशीच होती, पाण्यातून आत्ताच बाहेर काढल्यासारखी पांढरट आणि सुरकुतलेली. आणि अलीकडं ती बसली की लवकर उठत नसे. दमलीस का, असं कुणी विचारलं तर म्हणे, नाही, नुसती बसलेय.

परवान्याच्या अटींत एक अट पहिल्यापासून होती. पोराला स्वतःची खोली हवी आणि स्वतःची खाट हवी. मावशीनं पहिल्या पोरासाठी इस्पितळातून निकालात निघालेली लोखंडी खाट आणली, पांढरा रंग दिला, मागच्या खोलीत मांडली. सकाळी पोर खाटेवर नव्हतं. शोधाशोध झाली तेव्हा ते खाटेखाली, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांत डोकं घालून सापडलं. दुसरं पोर खाटेवर झोपलं, पण झोपलं म्हणजे पडून राहिलं, छताकडं बघत, उजाडेपर्यंत. तिसऱ्याच्या वेळी मावशीनं हात टेकले. खाट उभी करून भिंतीला लावली आणि आपल्या अंथरुणाशेजारी जमिनीवर दुसरं अंथरूण घातलं. ते पोर तिसऱ्या दिवशी तोंड उघडं टाकून घोरलं.

म्हणून खाट उरली ती तपासणीपुरती. तपासणीचं पत्र आठ दिवस आधी यायचं. मग मागची खोली झाडून काढायची, खाट आडवी करायची, गादी टाकायची, वर इस्पितळात ताणतात तशी चादर ताणायची. तपासनीस बाई यायच्या, दारातून बघायच्या, वहीत खोली आहे, खाट आहे असं लिहायच्या आणि पाणी पिऊन जायच्या. खाटेवर त्या कधी बसल्या नाहीत.

पुढं आजूबाजूच्या आणखी चौघींनी परवाने काढले. त्यांच्याही घरी पोरं जमिनीवरच, बाईच्या कुशीलगत झोपायची. खाट घ्यावी कशाला, मावशीची आहेच की. त्या चौघींत एक इस्त्रीवाली होती, मावशीची जिवाभावाची. तिच्या इस्त्रीच्या हातगाडीवर दिवेलागणीला खाट चढायची, वर धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं टाकायचं, आणि ज्या घरची तपासणी उद्या असेल तिथं ती जायची. हे सगळं अकरा वर्षं बिनबोभाट चाललं. तपासनीस बाईंना कळत होतं की नव्हतं यावर पाचजणींचं कधी एकमत झालं नाही. इस्त्रीवाली म्हणे, या खाटेनं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त घरं पाहिली, परवाना हिच्याच नावावर द्यायला हवा.

तेविसावी आली ती मुंगी. आठ वर्षांची. भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून हे नाव पडलं, आणि तिला ते आवडलं. आधीच्या घरी तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावत असत, एवढंच कागदावर होतं. मावशीकडं आल्यावर दोन महिने ती बसून झोपली. मग एकदा आडवी झाली. चौदा महिन्यांत ती शाळेत जायला लागली, दात पडला की दाखवायला लागली, आणि मावशीला उलट बोलायला लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा उलट बोलली त्या दिवशी मावशीनं कचेरीत अर्ज दिला, ही मुलगी सज्ञान होईपर्यंत माझ्याकडंच राहावी. सतरा वर्षांत असा अर्ज तिनं कुणासाठी केला नव्हता. मोठ्या पोरीला दत्तक घ्यायला कुणी येत नाही हे कचेरीलाही ठाऊक होतं, म्हणून अर्ज नाकारला गेला नाही. तो फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत होता. त्याला एकच गोष्ट लागत होती, मावशीचा परवाना स्वच्छ असणं.

अशात नव्या नियमांचा मसुदा निघाला. तो घेऊन आला मावशीचा धाकटा दीर. तो कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, आणि सरकारी भाषा त्याला घरच्या भाषेपेक्षा जवळची वाटायची. बेचाळीस पानं त्यानं चष्मा वर-खाली करत वाचून दाखवली. प्रतिपालक आणि दत्तक दोन्ही परवान्यांना एकच कायदा लागणार. पाच वर्षांवरच्या पोरानं वेगळ्या खोलीत, दार लावून झोपायचं. तपासणी न कळवता होणार आणि खोलीचे फोटो निघणार. महिनाभरात लोकांनी हरकती आणि सूचना द्याव्यात, त्यानंतर सभागृहात सुनावणी.

दार लावून, हे शब्द आले तेव्हा मुंगी जमिनीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. तिनं वर बघितलं नाही. पण तिचा हात थांबला, आणि मावशीनं ते पाहिलं.

पाचजणी मावशीकडं जमल्या. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. न कळवता तपासणी म्हणजे खाट एका वेळी एकाच घरात. बोलायचं कुणी, तर मावशीनं, कारण ती सगळ्यांत जुनी. मावशी म्हणाली की मला उभं राहवत नाही. इस्त्रीवाली म्हणाली की तिथं खुर्च्या असतात. त्यावर बोलणंच संपलं.

हरकत लिहायला दीर बसला. घरं लहान आहेत, सबब वेगळ्या खोलीची अट शिथिल व्हावी, असं त्यानं चार ओळींत उरकलं. मावशीला ते पटेना. ती खाटेखालच्या पोराचं सांगायला लागली, रात्रभर छताकडं बघणाऱ्याचं सांगायला लागली. दिरानं लेखणी खाली ठेवली.

“वहिनी, हरकत लिहायची असते, कहाणी नाही. आणि ते पोर खाटेवर झोपत नाही असं लिहिलंत, की मग विचारतील, कुठं झोपतं? काय सांगणार?”

दिराचं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मावशीला अलीकडं फार थकवा यायचा. तिनं चार ओळींखाली सही केली.

सुनावणी शनिवारी होती. सभागृहात पंखे होते, पण ते वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करत होते. मावशीचा नंबर एकोणिसावा. एकेकाला तीन मिनिटं. दत्तक घेऊ पाहणारं एक जोडपं किती वर्षं वाट बघतोय ते सांगताना रडलं आणि त्यांची तीन मिनिटं त्यातच गेली. एका संस्थेच्या माणसानं सगळी बेचाळीस पानं कशी छान आहेत ते सांगितलं. तपासनीस बाई कडेच्या रांगेत मांडीवर फाइली घेऊन बसल्या होत्या. मुंगी शाळेत होती.

वेगळ्या खोलीवर चार-पाच जणांनी हरकत घेतली तेव्हा मधल्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्यांनी एक कागद मागवला. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्यांनी वाचून दाखवलं की गेल्या अकरा वर्षांत या भागातल्या परवानाधारक घरांच्या जेवढ्या तपासण्या झाल्या, त्या प्रत्येकीत वेगळी खोली आणि वेगळी खाट असल्याची नोंद आहे. एकही घर त्याला अपवाद नाही. पोरांनी तक्रार केल्याचीही नोंद नाही.

“म्हणजे पोरं वेगळी झोपतातच, आणि चांगली वाढतात,” ते म्हणाले. “नवीन काय आहे यात? आम्ही फक्त दार लावायला सांगतोय.”

तो कागद मावशीचा आणि त्या चौघींचाच होता. पाचजणींनी मिळून, अकरा वर्षं, ताणलेल्या चादरीवर तो लिहिला होता. आपल्या घरातली पोरं सुखानं झोपली ती बाईच्या शेजारी, आणि ते सुख जमा झालं खाटेच्या नावावर. आता त्या खाटेच्या जोरावर सगळीकडच्या पोरांची दारं लागणार होती. तिनं इस्त्रीवालीकडं पाहिलं. इस्त्रीवाली जमिनीकडं बघत होती.

एकोणिसावा नंबर पुकारला. मावशी उठली. दिरानं लिहून दिलेला कागद हातात होता, तो तिनं उलगडला नाही. खुर्ची देऊ का असं कुणीतरी विचारलं, ती नको म्हणाली. मग तिनं सांगितलं, सावकाश, धुण्याचं गाठोडं सोडावं तसं एकेक. खाट आहे. ती माझीच आहे. तिच्यावर सतरा वर्षांत दोनच पोरं झोपली, त्यातलं एक खाली सापडलं. बाकी एकवीस माझ्याशेजारी जमिनीवर झोपली. तपासणीला मी चादर ताणून ठेवत होते.

सभागृहात कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

“तुम्ही खोटी नोंद करवून घेतलीत, हे तुम्हाला कळतंय ना, बाई?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कळतंय.”

“बाकीच्या घरांतही असंच आहे का?”

“बाकीच्यांचं त्यांना विचारा. मी माझं सांगते. तुमच्या त्या कागदात माझ्या घराच्या जेवढ्या ओळी आहेत, तेवढ्या खोट्या आहेत. त्यांच्यावर नियम बांधू नका. जे पोर मार खाऊन, कोंडून राहून आलेलं असतं, त्याला रात्री माणसाचा श्वास ऐकू यावा लागतो. तो दाराआडून ऐकू येत नाही.”

त्यांनी तिचा परवान्याचा नंबर विचारला. तो तिला पाठ होता. तीन मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा ती अजून उभीच होती, बसायचं विसरल्यासारखी. कडेच्या रांगेत तपासनीस बाई फाइलीच्या दोऱ्या सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. चौघींपैकी कुणीही उठलं नाही. मावशीला त्याचा राग आला नाही. त्यांच्याही घरी पोरं होती.

बाहेर आल्यावर दीर एकटाच पुढं चालायला लागला. इस्त्रीवाली मात्र फाटकाशी थांबली होती, डोळे लाल. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास, असं म्हणाली, मग म्हणाली, आमचं नाव घेतलं नाहीस याचे उपकार मानू का तुला शिव्या देऊ तेच कळेना झालंय. मावशी म्हणाली, आधी घरी चल, माझे पाय दुखतायत.

दोन पत्रं आली, एकाच आठवड्यात. पहिलं सगळ्यांनाच होतं. झोपण्याच्या सोयीबाबतचं कलम फेरविचारासाठी मागं घेतलं आहे, पोराच्या गरजेप्रमाणे प्रतिपालकानं ठरवावं असा बदल विचाराधीन आहे. दुसरं फक्त मावशीला. चौकशी पूर्ण होईपर्यंत परवाना स्थगित. कायम सांभाळाच्या अर्जावर तोपर्यंत निर्णय होणार नाही. मुलीला परवानाधारक घरी हलवण्यात यावं. दिरानं दोन्ही वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, यावर अपील लिहितो. आणि पहिल्यांदाच विचारलं, काय काय लिहू ते तुम्ही सांगा, वहिनी.

मुंगीला कुठल्या घरी द्यायचं हे तपासनीस बाईंच्या हातात होतं. त्यांनी इस्त्रीवालीचं घर लिहिलं, दोन गल्ल्या पलीकडचं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आदेश द्यायला आल्या तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि मलाही नोटीस आहे एवढंच बोलून गेल्या.

दुपारी शाळा सुटल्यावर मावशीनं पिशवी काढली. पोर जाताना ती त्याचं सगळं बांधून द्यायची, मोज्याचा एक जोड मागं राहू द्यायची नाही. राहिलेली वस्तू घरात फिरत राहते आणि जीव खाते. इस्त्रीवाली उंबऱ्याशी बसली होती. मावशी तिला एकेक सांगत होती. भिंतीकडची बाजू हिला देऊ नको. दिवा बारीक चालू ठेव. उठून बसली तर बोलू नको, नुसती कूस बदल, म्हणजे तिला कळतं की कुणीतरी आहे. इस्त्रीवाली हं हं करत होती आणि पदरानं नाक पुसत होती.

मुंगी पिशवीकडं बघत होती.

“किती दिवस?”

मावशीनं कुठल्याच पोराला खोटा आकडा दिला नव्हता. तिला फार वाटलं, आज द्यावा. तिनं घडी घातलेला फ्रॉक मांडीवर दाबून सपाट केला.

“मला माहीत नाही गं.”

“पण तू कचेरीत भांडतेयस ना?”

“भांडते. काका लिहितोय.”

“मग एवढे कपडे कशाला?” मुंगी म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला, दोन फ्रॉक आणि स्वेटर बाहेर काढले, पुन्हा फळीवर नेऊन ठेवले आणि हातानं सारखे केले. मावशीनं ते पाहिलं. उठायला हवं होतं, पण ती उठली नाही. पिशवी हलकी झाली होती, तिचं तोंड बांधायला तिला बराच वेळ लागला.