आठ दिवसांची अंगठी

काकू माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी बोटं बघत. एखादं नवीन मराठी कुटुंब बदली होऊन जयपूरला आलं, की बाकीच्या बायका त्यांचं गाव विचारत, आडनाव विचारत, नवरा कुठल्या खात्यात आहे ते विचारत. काकू मात्र चहाचा कप पुढे करता करता घरातल्या मुलीची अनामिका न्याहाळून घेत आणि परतताना वाटेत माझ्या आईला सांगत, "पेर मोठं आहे हो पोरीचं. अंगठी करताना त्रास देणार बघा." ती पोर अजून दोन वेण्या घालून शाळेत जात असे.

आम्ही आदर्श नगरात राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, केंद्र सरकारच्या नोकरीत. दोन घरं सोडून काका-काकू राहत; नात्यातले नव्हेत, शेजारचे. काका तारखात्यात होते. दोघं मूळची साताऱ्याकडची, मूलबाळ नाही. काकूंच्या घराचं फाटक कधी लावलेलं नसे आणि त्यांचं तोंडही. आम्ही पोरं पाठीमागे त्यांना लाखकाकू म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

हे नाव पडलं अंगठ्यांमुळे. तेव्हा जयपुरात मराठी घरं मोजकीच, त्यामुळे मुली इथे वाढायच्या आणि त्यांची लग्नं जमायची पुण्या-साताऱ्याला. स्थळ पसंत पडलं की तिकडून निरोप यायचा, मुलीच्या बोटाचं माप पाठवा. लोक सरळ बोटाला दोरा गुंडाळत आणि पाकिटात घालून धाडून देत. काकूंना याची भयंकर चीड. "दोरा म्हणजे जावई," त्या म्हणत, "ओढाल तितका ताणणार आणि पाठ वळली की आखडणार. त्याच्या भरवशावर सोनं आटवायचं?" कागदाची पट्टीही त्यांना मान्य नव्हती. बोट काही सकाळ-संध्याकाळ सारखं नसतं. पौषातल्या थंडीत माप घेतलेली अंगठी वैशाखात साबण लावूनही निघत नाही, आणि वैशाखातली पौषात कणकेच्या गोळ्यात सापडते. असली उदाहरणं त्या नावागावासकट देत.

म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. लग्न ठरलेल्या मुलीला सायकलरिक्षात घालून त्या ‘मणिहारों का रास्ता’ ही बांगडीवाल्यांची गल्ली गाठत. तिथे लाखेच्या बांगड्या करणारी हमीदाबी बसायची. काकू दिसल्या की ती निखारे फुंकायला घेई आणि म्हणे, "लो, आ गईं बाईसा नई उँगली लेकर!" मग काकू आपल्या सातारी हिंदीत, "देखो, पेरके ऊपरसे जाना मंगता, पर एकदम सटकके नही," असं समजावत, आणि हमीदाबी मान डोलावून स्वतःला हवं तेच करी. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, बारीक लाकडी दांडीवर वळायची, वर चमचमता वर्ख लावायचा. बघता बघता लाखेची अंगठी तयार.

ती अंगठी मुलीनं आठ दिवस घालायची. कढत पाणी तेवढं टाळायचं, बाकी सगळं तिच्यासकट. कणीक मळायची, केर काढायचा, झोपायचं, भावंडांशी मारामारी करायची. आठ दिवसांनी काकू येत आणि अंगठी काढून बघत. "जाताना कुरकुर केली पाहिजे आणि निघताना हट्ट. मग ती खरी अंगठी." कुरकुर कमी पडली तर हमीदाबीकडे दुसरी फेरी. नाहीतर तीच अंगठी काडेपेटीत कापूस घालून टपालानं सासरी जाई, आणि तिकडचा सोनार तिच्याबरहुकूम सोन्याची करी.

एकदाच ही पद्धत फसली. ऐन मे महिन्यात एक काडेपेटी नागपूरला गेली. टपालाच्या डब्यात उन्हानं लाख मऊ पडली आणि कुणाच्या तरी जड पार्सलाखाली अंगठी चेपून चक्क अंड्यासारखी लांबट झाली. तिकडचा सोनार भलताच आज्ञाधारक निघाला. जयपूरच्या मुलींची बोटं अशीच असतील असं समजून त्यानं सोन्याची अंगठीही तंतोतंत लांबट केली. साखरपुड्यात ती बोटात जाईना, तेव्हा मांडवात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. काकूंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस कुणाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "होळीनंतर माप पाठवायचं नाही. ज्याला घाई आहे त्यानं जावई इकडे आणावा."

गंमत म्हणजे इतरांच्या अंगठ्यांसाठी इतका जीव टाकणाऱ्या काकूंची स्वतःची अंगठी ढगळ होती. तळव्याच्या बाजूला पिवळा दोरा गुंडाळलेला असे म्हणून ती बोटात राही. मी लहानपणी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं. पोरीला वाढत्या अंगाचा परकर शिवतात की नाही, तशी वाढत्या बोटाची अंगठी केली सासऱ्यांनी. बोट मेलं वाढलंच नाही." दर दिवाळीला अभ्यंगस्नान झालं की काका तो जुना दोरा उलगडून नवा गुंडाळून देत. तारयंत्रावर खटखट करणारी त्यांची बोटं त्या कामात मोठी नाजूक होत. काकू तेवढा वेळ गप्प बसत, आणि काकू गप्प बसल्याचं वर्षातून तेवढंच एकदा बघायला मिळे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझंच लग्न ठरू लागलं. स्थळ काकूंनीच सुचवलेलं, त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा. मुलगा चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू? उंच, कमवता, निर्व्यसनी. पण त्यांना लग्न परीक्षेच्या आधी उरकायचं होतं आणि मुलीनं पुढे शिकायची गरज नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. मला बी.ए. पुरं करायचं होतं, मग बी.टी. करून शाळेत शिकवायचं होतं. हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. अण्णा आनंदात होते, आई पापडांची यादी तोंडपाठ म्हणत होती, आणि ज्या काकूंनी मला लहानपणापासून खेळवलं त्यांच्याच घरात जायचं होतं. तोंड उघडायला जागाच नव्हती.

रीतसर मला हमीदाबीकडे नेण्यात आलं. माझ्या अंगठीला तिनं गुलाबी लाख काढली आणि वर्ख जरा जास्तच लावला. घरी आल्यावर मी ती काढून कंपासपेटीत ठेवली. फाटकाशी काकूंचा आवाज आला की घालायची, त्या गेल्या की पुन्हा पेटीत. आईच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, कणकेत बुडू नये म्हणून काढत असेन.

आठव्या दिवशी उन्हं उतरल्यावर काकू आल्या. व्हरांड्यात बसल्या, माझा हात मांडीवर घेतला, अंगठी काढली आणि उजेडाकडे धरून आतून बघितली. मग बाहेरून बघितली. मग आईला म्हणाल्या, "वहिनी, जरा आल्याचा चहा टाका बरं. आलं ठेचून घाला, किसून नको." आई आत गेली.

"सुमे," त्या म्हणाल्या, "आठ दिवस वापरलेल्या अंगठीच्या आत पीठ अडकतं. हळद लागते. वर्ख उडतो. ही कालच निखाऱ्यावरून उतरल्यासारखी आहे."

मी त्यांच्या मांडीवरचा हात मागे घेतला.

"घालत नव्हतीस."

"नाही."

"बोटाला टोचत होती की मनाला?"

मग मात्र मला रडू फुटलं आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. परीक्षा, बी.टी., शाळा, सगळं. काकू ऐकत राहिल्या. आपली ती पिवळ्या दोऱ्याची अंगठी अंगठ्यानं गोल गोल फिरवत होत्या. माझं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं गं. माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब. पण विचारलं नव्हतं."

अण्णा कचेरीतून आले, सायकल लावली. काकूंनी त्यांना टोपीसुद्धा काढू दिली नाही.

"अण्णा, सुमीच्या बोटाचं माप मी देणार नाही."

अण्णांना वाटलं थट्टा चाललीय. "म्हणजे काय वहिनी? अहो, तुमच्याच घरातलं स्थळ!"

"म्हणून तर. परक्यांचं असतं तर मीही गप्प बसले असते कदाचित."

"पण झालं काय?"

"पोरीनं अंगठी घातली नाही. का, ते तिला विचारा. माझ्यासमोर नको, वहिनींसमोर नको. एकटीला विचारा आणि ती बोलेल तोवर मध्ये बोलू नका."

"आणि मी दुसरीकडून माप घेतलं तर?" अण्णांचा आवाज चढला होता.

"घ्या की. दोरा काय, सगळ्यांच्याच घरात असतो."

चहा न घेता त्या निघून गेल्या. आलं ठेचून घातलेला तो चहा निवून गेला आणि अण्णा बराच वेळ बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. "बोल," म्हणाले. मी बोलले. ते मध्ये बोलले नाहीत. अण्णांना ते किती जड गेलं असेल, हे त्यांना ओळखणाऱ्यांनाच कळेल. शेवटी म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म भरलास ना?" आणि कचेरीत गेले. नकार त्यांनी त्याच दिवशी कळवला.

काकूंना ते प्रकरण महागात पडलं. साताऱ्याच्या दिरांनी बोलणं टाकलं. घरचीच बाई घरच्या मुलावर उलटली, असा बोभाटा झाला. त्या पुतण्याचं त्याच वैशाखात कऱ्हाडच्या एका मुलीशी लग्न झालं. त्याचं काही अडलं नाही, पण काकूंना त्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. काकासुद्धा कितीतरी महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हते. मी गेले की काका म्हणत, "सुमन, आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांग कुणाला तरी," आणि काकू चुलीपाशी हातभर अंतरावर बसलेल्या असत. मी वाईट वाटून काही बोलायला गेले, तर काकूंनी मला उडवून लावलं. "तू अभ्यास कर. नापास झालीस तर मात्र मी तुला दोऱ्यानं बांधून साताऱ्याला पाठवीन." त्या वर्षी दिवाळीला काकांनी दोरा बदलला तेव्हा दोघांचं बोलणं सुरू झालं, असं आईनं सांगितलं.

मी बी.ए. झाले, बी.टी. झाले, जयपुरातच मुलींच्या शाळेत शिकवू लागले. पुढे माझंही लग्न झालं, माझ्या इच्छेनं आणि अण्णांच्या पसंतीनं. त्या वेळी लाखेची अंगठी मी झोपेतही काढली नाही. काकूंनी ती बघितली. वर्ख पार उडालेला, आत पीठ आणि खडूची भुकटी बसलेली. "हं," म्हणाल्या, "आता ही अंगठी झाली." मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले आणि मी ते धरलेही.

काका निवृत्त झाले आणि दोघं साताऱ्याला परत जायला निघाली. दिरांचा राग तोवर वयानं थकला होता. मला चैन पडेना. या बाईनं साऱ्या जयपूरच्या बोटांची काळजी वाहिली आणि स्वतः जन्मभर ढगळ अंगठी घातली, हे मला सहन होईना. मी त्यांना ओढतच हमीदाबीकडे नेलं. म्हटलं, "काकू, आता तुमचं माप. तुमची अंगठी मी जोहरी बाजारात नीट करून आणते. हवी ना?" हमीदाबी म्हातारी झाली होती. ती काकूंची बोटं हातात घेऊन खूप हसली. "आज बाईसा की अपनी उँगली!" काकू लाजल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला मी असं लाजताना कधी पाहिलं नव्हतं. हमीदाबीनं त्यांना हिरवी अंगठी करून दिली.

आठ दिवसांनी मी गेले, तर घरात ट्रंका बांधायची गडबड. "आत्ता नको, मग," म्हणाल्या. मग म्हणजे थेट स्टेशनावर. काका हमालाशी हुज्जत घालत होते. काकूंनी खिडकीतून माझ्या हातात काहीतरी ठेवलं. ती हिरवी अंगठी. वर्ख जसाच्या तसा, आतून लख्ख.

"घातली नाहीत?"

"नाही."

"का हो काकू?"

त्यांनी फलाटावरच्या काकांकडे बघितलं. "अंगठी बसती झाली तर दिवाळीला ह्यांना काम काय उरेल?" मग जरा वाकून, कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, अंगठी हवी का म्हणून. म्हटलं, एकदा नाही म्हणून बघावं." त्या हसल्या. "बरं वाटतं गं."

गाडी हलली. काकू खिडकीतून हात हलवत होत्या आणि बोटावरचा पिवळा दोरा बराच लांबपर्यंत दिसत होता.